गणपत गुळव्याची परीक्षा

गणपत,

तुझ्या तेराव्याची बुंदी चांगली झाली होती. तू असतास तर एक दाणा दाताखाली धरून म्हणाला असतास, "पाक जरा म्होरं गेला बरं का." तुझ्या गावच्या पिंपळीकरांनी मात्र दोन-दोनदा वाढून घेतली. मी एक घास खाल्ला आणि पान तसंच ठेवून उठलो. वहिनींनी पाहिलं.

लिहिण्याची मला सवय आहे ती पुण्याच्या व्यापाऱ्याला दोन ओळी खरडण्याची. झाकणं दौंडमार्गे रवाना केली आहेत, पोचल्याचं कळवा. त्यापलीकडं माझी लेखणी कधी गेली नाही. शिवाय तू होतास तेव्हा तुला लिहून उपयोग नव्हता, कारण तुला वाचता येत नव्हतं. आणि आता लिहून काय उपयोग, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तरी लिहितोय. दुपारी शेडमध्ये चहा आला की अजून माझा हात एक कप तुझ्या प्रेसकडं सरकवतो. तो निवत राहतो, मग कुणीतरी मुकाट्यानं उचलून पितं. तुझ्याशी भांडून चहा प्यायची सवय लागलेल्या माणसानं आता कुणाशी भांडावं, हे मला कळत नाही.

तू पहिल्यांदा आलास तो दिवस आठव. मी इंदापूरचा. मुंबईत एका कारखान्यात बॅकेलाइट नावाच्या प्लॅस्टिकचं साचेकाम शिकलो, तिथली हवा मानवेना म्हणून साचे तापवून दाबायचे दोन जुने हातप्रेस घेऊन गावाकडं आलो आणि बारामतीला स्टेशनामागं पत्र्याची शेड टाकली. औषधाच्या बाटल्यांची काळी झाकणं करायची आणि पुण्याला पाठवायची, एवढाच धंदा. प्लॅस्टिक म्हणजे काय हे त्या वेळी बारामतीत कुणाला धड माहीत नव्हतं. भाजी मंडईतला एक बागवान तर ते झाकण चावून बघत होता. मला हात हवे होते आणि शिकलेले हात मिळणं शक्य नव्हतं. तेव्हा तू दारात येऊन उभा राहिलास, डोक्याला मुंडासं, कोपरापर्यंत चटक्यांचे डाग.

"गुळव्या हाय," म्हणालास. "उकळतं-तापतं कायबी काम असंल तर सांगा."

कालव्याच्या पट्ट्यात तुझ्या हातचा गूळ लोक नावानं मागत. पण सहकारी कारखाना उभा राहिला, ऊस तिकडं जाऊ लागला, आणि एकेक गुऱ्हाळ विझत गेलं. तू कारखान्याच्या फाटकावर गेलास. तिथल्या कारकुनानं विचारलं, कुठली परीक्षा दिलीय, कागद काय आहे? तू म्हणालास, हात बघा. त्यानं हात बघितले आणि तुला पोती उचलणाऱ्यांच्या रांगेत उभं केलं. हे तू मला हसत सांगितलंस. मीही हसलो. ती गोष्ट तुला किती लागली होती हे मला फार उशिरा समजलं.

पहिल्या आठवड्यातला तुझा पराक्रम तर अख्ख्या स्टेशन रस्त्याला माहीत आहे. झाकणं बिघडत होती, बिघडायचीच. कुणाला फोड, कुणाला चीर. मी कामासाठी इंदापूरला गेलो होतो. तू घरून गूळ उकळायची जुनी काहिल आणलीस, चुलवणावर चढवलीस आणि सगळी बिघडलेली झाकणं त्यात ओतलीस. बिघडलेला गूळ परत पाणी घालून उकळतात, चांगला होतो. मग झाकणं का होऊ नयेत? तू जाळ लावत राहिलास. झाकणं काही वितळेनात. त्यांचा धूर मात्र असा उठला की स्टेशनमास्तर नाकाला धोतर लावून धावत आले आणि शेजारच्या न्हाव्यानं अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक रस्त्यावर आणलं. मी एस.टी.तून उतरलो तर वास मला स्टँडवरच भेटला.

"मालक, ही कसली जात हो?" तू मला विचारलंस. डोळ्यांतून पाणी गळत होतं. "तापवावं तर घट्ट होतीया. अजून तापवलं तर जळतीया. पन इरघळंना."

मी सांगितलं की गूळ तापला की पातळ होतो, निवला की धरतो. हे उलट आहे. हे तापूनच धरतं, आणि एकदा धरलं की परत मऊ होत नाही. बिघडलं ते बिघडलं.

तू काहिलीखालचं जळण बाहेर ओढलंस. मग म्हणालास, "म्हंजी हितं एकच बारी मिळती."

त्यानंतर पिंपळीहून, कऱ्हाटीहून जे जे गुऱ्हाळावरचे लोक शेडमध्ये आले, त्या प्रत्येकानं असाच गुळाचा घोळ घातला. साच्यातला माल लवकर धरावा म्हणून साच्यावर ओलं पोतं टाकायचे. गूळ निवायला ठेवतात तसे साचे सावलीत ठेवून द्यायचे. मी ओरडायचो. तू मला गप्प बसवायचास. "टाकू द्या पोतं. एकदा झाकान उघडून बघू द्या." मग ते कच्चं, मऊ, बुडबुड्यांचं झाकण हातात आल्यावर तू शेजारी उकिडवा बसायचास आणि म्हणायचास, "आता गूळ इसर. समदा इसर. फकस्त जाळाची पारख तेवढी ठेव." शिकवण्याचं असं काही शास्त्र मुंबईत मला कुणी दाखवलं नव्हतं. मी तुला हे कधी म्हणालो नाही. तू चढून बसला असतास.

मग तुझं ते दाखल्याचं वेड सुरू झालं.

पुण्याच्या एका कारखान्याचे साहेब माल बघायला आले होते. त्यांच्याकडं विजेची बटणं करायचे मोठे प्रेस होते. बोलता बोलता म्हणाले, तुमच्याकडचा माणूस आला तर आम्हाला कळावं कसं की त्याला काम येतं? त्याला काय काय येतं ते परीक्षा घेऊन लिहून द्या, मी त्याला थेट प्रेसवर घेईन. ते गेले आणि तू माझ्या मागं लागलास. परीक्षा घ्यायची, दाखला छापायचा.

"शिकवून तयार करायचे आपण, आणि दाखला देऊन पुण्याला पाठवायचे?" मी म्हणालो. "आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा?"

"धोंडा पडू द्या."

"गणपत, कागदानं हात शिकत नाहीत."

"न्हाय शिकत," तू म्हणालास. "पन कागद नसला तर हाताला कोन इचारतंय? मी दरसाली नव्या गुऱ्हाळावर जायाचो. दरसाली पयली काहिल माजी परीक्षाच असायची. ती उतरली की मग म्हनायचे, व्हय, ह्यो गुळव्या हाय. धा कोसाच्या भाईर गेलं की पुन्ना पयल्यापास्नं. अन् फाटकावर तर काहिलच नव्हती. काय दावनार?"

मी चिडलो. हा वाद आपला कधी मिटला नाही. तू हट्टानं दाखले छापून घेतलेस, मी प्रत्येक दाखल्यावर सही करताना कुरकुरलो. कऱ्हाटीचा म्हादू पहिला पास झाला आणि पहिल्याच महिन्यात पुण्याला गेला. "बघ," मी म्हणालो. तू म्हणालास, "बगतोय की. कसा ताठ चालला व्हता स्टेशनावर." आणि पुन्हा नव्या माणसाला साच्यात भरायची पावडर कशी वाळवायची ते दाखवायला बसलास.

परीक्षाही तुझीच. दिवसभर प्रेसवर बसायचं. जे निघेल ते, चांगलं-वाईट, सगळं पाटीत टाकायचं. संध्याकाळी सगळ्यांसमोर तू पाटीपुढं बसायचास. चांगल्या झाकणांना हातही लावायचा नाहीस. नेमकं बिघडलेलं उचलायचास आणि विचारायचास, "ह्याला काय झालं?" ज्याला सांगता आलं तो पास. जो म्हणाला मशीनचा दोष आहे, त्याला तू महिनाभर परत पाठवायचास. एकाची निम्मी पाटी वाया गेली होती आणि तरी तू त्याला पास केलंस, कारण प्रत्येक नगाचं त्यानं खरं कारण सांगितलं. मी वैतागलो होतो तेव्हा.

आता हौसाकडं येतो. टाळून चालणार नाही.

तुझी हौसा, नवऱ्यानं नांदवली नाही म्हणून माहेरी आलेली. चौथीपर्यंत शिकलेली. शेडमध्ये झाकणांच्या कडा कानशीनं घासायला आली आणि बघता बघता प्रेसवर बसली. बाईमाणूस प्रेसवर, म्हणून काही जणांनी कुजबूज केली. तू ऐकलंच नाहीस. तिच्या झाकणांना घासायचं काम उरायचं नाही, इतकी कड स्वच्छ. पुण्याला तिची मावशी राहते. दाखला मिळाला तर त्या कारखान्यात थेट प्रेसवर लागेल, स्वतःच्या पायावर उभी राहील, भावाच्या संसारात कोपऱ्यातली होऊन राहायचं संकट टळेल. दाखला नसेल तर तिकडंही रोजावर कडाच घासत बसणार. हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं, वहिनी तर देवापाशी हात जोडून बसल्या होत्या.

श्रावणात तिची परीक्षा झाली. सगळी शेड उभी होती. तू पाटीपुढं बसलास. पाटी इतकी सुंदर मी पाहिली नव्हती. दोनच नग बिघडलेले. तू ते उचलून विचारलंस, तिनं दोन्हींचं बरोबर सांगितलं. मी दाखल्यासाठी दौत उघडली.

"नापास," तू म्हणालास. "दिवाळीनंतर परत बसायचं." आणि उठून बाहेर गेलास.

मी तुझ्या मागं धावलो. चिंचेखाली तुला गाठून, सगळे ऐकत होते तरी, मी काय काय बोललो ते तुला आठवत असेल. परक्याच्या पोरांना सांभाळून घेऊन पास करतोस आणि पोटच्या पोरीला लोकांत मोठेपणा मिरवायला नापास करतोस, असं म्हणालो. दगड आहेस म्हणालो. तू तंबाखू मळत राहिलास.

"तिची झाकणं सगळ्यांत चांगली होती," मी म्हणालो.

"व्हय."

"मग?"

"मग कायनी. दिवाळीनंतर बगू."

वहिनींनी त्या दिवसापासून तुझ्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायच्या आणि वळून बसायच्या. शेडमध्येही लोक जरा अंतर ठेवून वागू लागले. म्हातारा सरकला म्हणाले. तू रोज वेळेवर यायचास, हौसाच्या शेजारच्या प्रेसवर बसायचास, आणि बापलेकीत कामापुरतंच बोलणं व्हायचं. मी चार-पाच वेळा विषय काढला. शेवटी तू म्हणालास, "शंकर, तुला न्हाय कळायचं." तू मला मालक न म्हणता नावानं हाक मारलीस ती बहुधा तेवढी एकदाच. मला त्याचाही राग आला.

भाद्रपदात तुला कावीळ झाली. झाडपाला केलास, दवाखान्यात यायला उशीर केलास, तुझ्या स्वभावाप्रमाणं. मी बारामतीच्या दवाखान्यात आलो तेव्हा तू खाटेवर निम्मा झाला होतास. माझा हात धरलास. "दिवाळीनंतर," म्हणालास. "तिची परीक्षा. इसरू नगंस."

"तूच उठून घे की," मी म्हणालो.

तू हसलास का नुसतं तोंड वाकडं केलंस ते कळलं नाही. मला वाटलं होतं उद्या परत येऊन जरा नीट बोलू. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तू गेलास. नीट बोलायचं राहिलं ते राहिलंच.

भाऊबीज झाली आणि हौसा शेडमध्ये आली. मी आधीच ठरवलं होतं. तिच्या नावाचा दाखला लिहून, सही करून, तयार ठेवला होता. बाप गेलेली पोर. वर आणि परीक्षा कसली? मी तो तिच्यापुढं धरला.

तिनं हात मागं घेतले. "काका, परीक्षा?"

"अगं, तुझं काम मी बघत नाही का रोज?"

"आबांनी नापास केलंय मला. ते तसंच ठिवून तुमी पास कसं करता?"

"गणपत आता नाही, हौसा."

"म्हून तर," ती म्हणाली. "आता तर बसायलाच पायजे."

तिनं तो दाखला माझ्या हातातून घेतला, चार तुकडे केले आणि शेगडीत टाकले. मग पदर खोचून प्रेसवर बसली. गणपत, ती पावडर चिमटीत घेऊन चोळून बघते ना, अगदी तुझ्यासारखी, मान जरा डावीकडं कलती. मला तिकडं बघवेना. मी बाहेर जाऊन उगाच पोती मोजत राहिलो.

संध्याकाळी पाटीपुढं मी बसलो. तुझ्या जागेवर मला बसताच येईना, म्हणून जरा बाजूला बसलो. या वेळी बिघडलेले नग जास्त होते, आणि ते तिनं वेगळे करून अगदी वर, समोर ठेवले होते. मी एक फोड आलेला उचलला.

"ह्याला काय झालं?"

"पावडर दमट व्हती. सकाळी डबा मीच उघडा ठिवला."

"आणि ह्याला?"

"साचा तापताना आकडं मोजायचं इसरले. आबांचा इचार करत बसले. लवकर उघडला साचा."

कुणी हसलं नाही. मी आणखी विचारले, ती सांगत गेली, एकदाही अडली नाही. मी म्हणालो, पास. सगळ्यांनी माना हलवल्या. लोक पांगले. ती मात्र पाटी पुढ्यात घेऊन तशीच बसून राहिली.

"काका, आबांनी मला का नापास केलं, ठावं हाय तुमाला?"

"नाही. मला तो सांगायला तयार नव्हता."

"त्या दिवशी एक नग लई खराब निघाला व्हता. समदी बगत व्हती. बाई बसली प्रेसवर म्हून हसाया टपलेली. मी त्यो समद्यांची नजर चुकवून ओटीत लपीवला. वर बघितलं तर आबा माज्याकडंच बगत व्हते. त्यांनी लगीच मान फिरवली."

मी पाटीतला फोड आलेला नग पुन्हा हातात घेतला.

"घरी बी एक शबुद काढला न्हाय," ती म्हणाली. "आई रोज ताट वाढायची आन् पाठ फिरवून बसायची. मी म्होरंच बसल्याली असायची. ते जेवायचे आन् उठायचे. मला वाटायचं आज सांगीन आईला, आज आबांच्या पाया पडीन. उद्या, उद्या करत ऱ्हायले. ते वाट बगत असतील माजी. न्हाय का?"

मी म्हणालो, असेल. दुसरं काय म्हणणार? ती रडली, चांगली रडली. मीही रडलो.

गणपत, चिंचेखाली मी तुला दगड म्हणालो तेव्हा एका वाक्यात तू माझं तोंड बंद करू शकला असतास. पण ते वाक्य मग बारामतीहून पिंपळीला तुझ्याआधी पोचलं असतं. नवऱ्यानं टाकलेली आणि वर लबाड, असं तिच्या कपाळी जन्मभर चिकटलं असतं. ते होऊ नये म्हणून तू बायकोचा अबोला सोसलास, लोकांचं बोलणं सोसलंस, माझंही सोसलंस, आणि तरी लेकीला खोट्यानं पास केलं नाहीस. आधी मला तुझा भयंकर राग आला, की मला एकट्याला तरी सांगायचं होतंस. मग मला तुझा इतका अभिमान वाटला की काय सांगू. असा माणूस माझ्या शेडमध्ये रोज तंबाखू मळत बसायचा, आणि मी त्याच्याशी चहाच्या साखरेवरून भांडायचो.

हौसानं घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. वहिनी काय म्हणाल्या ते ती बोलली नाही, मी विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी ती पुण्याला निघायच्या तयारीनं, गाठोडं घेऊनच दाखला घ्यायला आली. मी नवा कागद काढला. हिनंच इथं राहून नव्या लोकांना शिकवावं असं माझ्या फार मनात होतं. तुझ्यामागं दुसरं कोण आहे तसं? पण मी ते बोललो नाही. तिचं नाव लिहिलं, तिला काय काय येतं ते लिहिलं. खाली परीक्षक असा शब्द छापलेला आहे. आजवर त्यापुढं प्रत्येक वेळी तुझं नाव लिहीत आलो. या वेळी माझं लिहिलं. सगळ्या शेडच्या दाखल्यांवर तू, आणि नेमका तुझ्या लेकीच्याच दाखल्यावर नाहीस.

ती बघत होती. म्हणाली, "काका, वर जागा हाय. तितं लिवा."

"काय लिहू?"

"पयल्या परीक्षेत नापास. परीक्षक गणपत सखाराम, राहनार पिंपळी."

"अगं, दाखल्यावर कुणी नापास लिहितं का? साहेब काय म्हणेल?"

"म्हनू द्या. इचारलं तर सांगंन म्या का ते." मग जरा थांबून म्हणाली, "खोटं लिवा म्हनत न्हाय. पन माज्या कागदावर आबांचं नाव यायचं तर येवडी एकच खरी जागा हाय."

मी लिहिलं, गणपत. ठळक अक्षरात, वर तुझी ओळ, खाली माझी. शाई वाळेपर्यंत ती उभी राहिली. मग कागद हातात घेऊन, ओळीखाली बोट धरून, तिनं तुझं नाव वाचलं. पास झाल्याची ओळ वाचायची तिला काही घाई नव्हती.